रोडिओचा अनभिषिक्त विजेता : बिल पिकेट

जुलै ते सप्टेंबर या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडणाऱ्या पर्यटकाला गावोगावी रोडिओच्या जाहिराती दिसतात. वायोमिंगमधील शायेन, ॲरिझोनातील प्रेस्कॉट, ओरेगनमधील पेंडल्टन आणि सीमेपलीकडे कॅनडातील कॅल्गरी ही या खेळाची माहेरघरेच. तिकीट काढून आत शिरलेल्या नवख्या प्रेक्षकाची पहिल्या संध्याकाळी मात्र बहुधा तारांबळ उडते. धुळीने भरलेल्या रिंगणात घोडे उधळतात, माणसे आपटतात, निवेदक भराभर आकडे सांगतो आणि काय झाले हे उमगण्यापूर्वीच पुढचा स्पर्धक तयार असतो. त्यातही एक प्रकार असा आहे, की डोळ्याची पापणी लवली तर तो निसटलाच म्हणून समजावे. भरधाव घोड्यावरचा स्वार शेजारून पळणाऱ्या गोऱ्ह्यावर झेप घेतो, त्याची शिंगे धरतो, मान पिरगाळतो आणि त्याला आडवा करतो. कसलेल्या गड्याला या साऱ्यासाठी चार-पाच सेकंद पुरतात.

आज या प्रकाराला ‘स्टिअर रेसलिंग’ म्हणतात. जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही ‘बुलडॉगिंग’ हाच शब्द आहे. रोडिओतील बाकीचे बहुतेक प्रकार गुरांच्या कुरणांवरील रोजच्या कामातून, असंख्य अनाम हातांतून घडत गेले. या एका प्रकाराचे श्रेय मात्र सर्वसाधारणपणे एकाच माणसाला दिले जाते. तो माणूस म्हणजे बिल पिकेट. जो खेळ त्याने रिंगणात आणला, त्याच खेळाच्या स्पर्धेचे दरवाजे त्याच्यासाठी बहुतेक वेळा बंद राहिले. त्याचे आयुष्य समजून घेताना रोडिओचे अंतरंगही उलगडत जाते.

गुलामगिरीच्या अस्तानंतर

बिल पिकेटचा जन्म 5 डिसेंबर 1870 रोजी टेक्सासमध्ये, ऑस्टिन शहरापासून फार दूर नसलेल्या जेंक्स ब्रँच या वस्तीत झाला. तेरा भावंडांतील तो दुसरा. त्याच्या घराण्यात आफ्रिकी आणि चेरोकी अशा दोन्ही वंशांचे रक्त होते. टेक्सासमधील गुलामांना मुक्तीची घोषणा ऐकायला मिळाली ती 1865 च्या जून महिन्यात. म्हणजे बिल जन्मला तेव्हा स्वातंत्र्याला अवघी पाच वर्षे लोटली होती. जमीन नाही, भांडवल नाही, शिक्षण जेमतेम, अशा अवस्थेतील कृष्णवर्णीय तरुणांना गुरांच्या कुरणांवर काम मिळत असे. त्या काळी टेक्सासमधून गुरांचे प्रचंड तांडे उत्तरेला कॅन्ससमधील रेल्वे स्थानकांपर्यंत हाकत नेले जात. या काउबॉयमंडळींत चारांपैकी साधारण एक जण कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. हॉलिवूडच्या पडद्यावर मात्र हा चौथा गडी पुढे कित्येक वर्षे दिसलाच नाही.

काउबॉयचे कसब मुळात मेक्सिकोतील स्पॅनिशभाषक गुराख्यांचे. ‘रोडिओ’ हा शब्दही स्पॅनिश भाषेतला. चहूकडे विखुरलेली गुरे वेढा घालून एकत्र आणणे, हा त्याचा मूळ अर्थ. गुरे गोळा झाली, की त्यांना खुणेचा डाग देणे, आजारी जनावराला फास टाकून धरणे, नवा घोडा खोगिराला सरावणे ही कामे ओघाने येत. कामगिरी आटोपल्यावर दोन कुरणांवरचे गडी आपापसांत पैजा लावत. त्या पैजांतून स्पर्धा जन्मल्या आणि पुढे त्यांना प्रेक्षक लाभले.

कुत्र्याकडून शिकलेला डाव

पाचवीनंतर बिलची शाळा सुटली आणि तो कुरणावर राबू लागला. त्या मुलखात चुकार गुरे पकडण्यासाठी बुलडॉग जातीचे कुत्रे वापरीत. भल्यामोठ्या जनावराचा ओठ दातांत पकडून कुत्रा त्याला जागीच खिळवून ठेवतो, हे बिलने बारकाईने पाहिले होते. जनावराचे नाक आणि ओठ अतिशय नाजूक असतात. वेसणीमागचे तत्त्वही तेच. टेक्सासच्या त्या भागात काटेरी झुडपांचे रान माजलेले असे. अशा रानात फास फिरवायला जागा मिळत नाही. फांद्यांत दोर अडकतो आणि जनावर निसटते. मग घोडा जनावराच्या बरोबरीने दामटायचा, त्याच्यावर उडी घ्यायची, शिंगे धरून मान वळवायची आणि कुत्र्यासारखाच त्याचा ओठ दातांत धरून स्वतःला मागे झोकून द्यायचे, अशी रीत बिलने बसवली. वेदनेने जनावर त्याच्यामागे ओढले जाई आणि कोसळे. हा कामातून सुचलेला डाव होता. तमाशा म्हणून तो जन्मला नव्हता. पण पाहणाऱ्यांचा मात्र आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नसे.

1890 मध्ये मॅगी टर्नर हिच्याशी त्याचा विवाह झाला. टेक्सासमधील टेलर या गावी पिकेट भावंडांनी घोडे माणसाळवण्याचा व्यवसाय थाटला. रानटी घोडा आणून द्यावा आणि खोगिराला सरावलेला परत न्यावा, असा तो धंदा. बिल गावातील बाप्टिस्ट चर्चच्या कारभारातही होता. जत्रांतून आणि गुरांच्या प्रदर्शनांतून तो आपला डाव करून दाखवू लागला, तशी त्याची कीर्ती टेक्सासबाहेर पसरली. 1904 मध्ये शायेनच्या ‘फ्रंटियर डेज’ या मोठ्या मेळाव्यात त्याने हजारो प्रेक्षकांपुढे दातांनी गोऱ्हा आडवा केला आणि त्याचे नाव वृत्तपत्रांतून देशभर पोहोचले.

खेळ आणि स्पर्धा

येथे रोडिओची एक खूणगाठ बांधून ठेवली पाहिजे, कारण पिकेटच्या आयुष्यातील सल तिच्यातच दडला आहे. त्या काळी दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत होत्या. एक ‘वाइल्ड वेस्ट शो’, म्हणजे सर्कशीसारखा फिरता खेळ. त्यात घोडेस्वार, नेमबाज आणि मूळ अमेरिकी जमातींचे लोक पगारावर काम करीत आणि मालक तिकीट लावी. दुसरी गोष्ट म्हणजे स्पर्धा, म्हणजेच खरा रोडिओ. तेथे कोणी कोणाचा नोकर नसतो. स्पर्धक स्वतःच्या खिशातून प्रवेश शुल्क भरतो, स्वतःच्या खर्चाने प्रवास करतो आणि जिंकला तरच बक्षिसाची रक्कम घेऊन जातो. हरला तर रिकाम्या हाताने पुढचे गाव गाठतो. ही रीत मोठ्या प्रमाणावर आजही कायम आहे. व्यावसायिक संघटनेच्या क्रमवारीत गुण म्हणजे वर्षभरात जिंकलेले डॉलरच. प्रत्येक प्रकारातील पहिले पंधरा स्पर्धक डिसेंबरमध्ये राष्ट्रीय अंतिम फेरीसाठी जमतात. 1985 पासून ही फेरी प्रामुख्याने लास व्हेगास येथे होत आली आहे.

स्पर्धेत मान होता, कारण तेथे घड्याळ आणि पंच यांचा निवाडा असे. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय माणसाने पैसे घेऊन करमणूक करावी, याला सहसा कोणाची हरकत नसे. त्याने गोऱ्या स्पर्धकाच्या बरोबरीने शुल्क भरून त्याला हरवावे, हे मात्र मान्य नव्हते. त्यामुळे पिकेटला बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक दाखवण्यापुरते रिंगणात बोलावले जाई. स्पर्धकांच्या यादीत त्याचे नाव नसे. कधी कधी तर त्याचा वर्ण लपवून त्याला मेक्सिकन किंवा अमेरिकी इंडियन म्हणून पुढे केले जाई. जाहिरातदारांनी त्याच्या सावळ्या रंगावरून त्याला राक्षसाची उपमा देणारे टोपणनाव चिकटवले आणि त्यावर तिकिटे खपवली.

मिलर बंधूंच्या पदरी

1905 च्या जून महिन्यात ओक्लाहोमातील पोंका सिटीजवळ मिलर बंधूंच्या ‘101 रँच’ या अवाढव्य कुरणावर एक भव्य मेळावा भरला. देशभरचे पत्रसंपादक त्याला पाहुणे म्हणून आले होते आणि सुमारे पासष्ट हजार प्रेक्षक जमल्याचे सांगितले जाते. त्यात पिकेटने आपले कसब दाखवले. त्यानंतर लवकरच तो मिलर बंधूंच्या खेळाचा प्रमुख आधारस्तंभ बनला. विल रॉजर्स आणि टॉम मिक्स हे पुढे अमेरिकेत घराघरांत पोहोचलेले कलावंतही याच वर्तुळातले.

त्याच्या धाडसाची कसोटी 23 डिसेंबर 1908 रोजी मेक्सिको सिटीत लागली. बैलझुंजीच्या पंढरीत येऊन जो मिलर याने पाच हजार पेसोंची पैज लावली. झुंजीच्या वळूला पिकेट नुसत्या हातांनी किमान पाच मिनिटे धरून ठेवील, अशी ती पैज. कुरणावरचा गोऱ्हा आणि झुंजीसाठी वाढवलेला वळू यांत जमीन-अस्मानाचा फरक. ‘एल तोरेओ’ या विशाल रिंगणात हजारो प्रेक्षक दाटीवाटीने बसले होते आणि आपल्या राष्ट्रीय खेळाची परदेशी माणसाने केलेली ही टिंगल त्यांना मुळीच रुचलेली नव्हती. पिकेटचा लाडका घोडा स्प्रॅडली वळूच्या शिंगांनी जखमी झाला. पिकेटने वळूच्या शिंगांना मिठी घातली आणि त्याने कितीही झटकले तरी ती सोडली नाही. प्रेक्षकांनी त्याच्यावर हाती लागेल ते भिरकावले. त्या माऱ्यात तो जबर जखमी झाला. वळू खाली पडला नाही; पण पाच मिनिटांची मुदत पिकेटने ओलांडली आणि मिलरने पैज जिंकली. जीव पिकेटने पणाला लावला आणि पैज त्याच्या धन्याची होती, हा तपशील विसरता येत नाही.

1914 मध्ये हा खेळ लंडनमधील ‘अँग्लो-अमेरिकन प्रदर्शना’त दाखल झाला. पिकेटचे कसब पाहायला तेथेही गर्दी लोटली. मात्र ऑगस्टमध्ये पहिले महायुद्ध भडकले आणि ब्रिटिश सरकारने खेळातील बहुतेक घोडे लष्करासाठी ताब्यात घेतले. 1920 च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडातील रिचर्ड नॉर्मन या निर्मात्याने पिकेटला घेऊन ‘द बुल-डॉगर’ आणि ‘द क्रिमसन स्कल’ हे मूकपट काढले. ते खास कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कृष्णवर्णीय नटसंच घेऊन बनवलेले होते. त्यांपैकी ‘द बुल-डॉगर’चे काही तुकडे आज उपलब्ध आहेत. पिकेटचे हलते चित्र त्यांतून पाहायला मिळते.

आजच्या रिंगणात

पिकेटचा डाव आज जसा खेळला जातो, त्यात दातांना स्थान उरलेले नाही. बाकी सांगाडा मात्र तोच आहे. मधल्या अरुंद कठड्यात दोनशे ते तीनशे किलो वजनाचा गोऱ्हा उभा असतो. त्याच्या डाव्या बाजूला स्पर्धक घोड्यावर थांबतो. उजव्या बाजूला दुसरा घोडेस्वार असतो, त्याला ‘हेझर’ म्हणतात. गोऱ्ह्याला सरळ रेषेत पळते ठेवणे हे त्याचे काम. हेझरचे नाव फलकावर झळकत नाही, पण त्याच्याविना हा डाव साधणे अवघड. स्पर्धकापुढे एक दोर ताणलेला असतो. गोऱ्हा ठरावीक अंतर पुढे गेला, की तो दोर सुटतो. त्यापूर्वी घोडा पुढे घुसला, तर दहा सेकंदांचा दंड बसतो. चार-पाच सेकंदांच्या खेळात दहा सेकंदांचा दंड म्हणजे पराभवच. म्हणून नवख्या प्रेक्षकाने प्रथम गोऱ्ह्याकडे न पाहता या दोराकडे पाहावे. गोऱ्हा एका कुशीवर पडला आणि चारही पाय एकाच दिशेला झाले, की पंच निशाण खाली करतो आणि घड्याळ थांबते.

बाकी कार्यक्रमाचे दोन भाग ध्यानात ठेवले, की गोंधळ संपतो. वासराला फास टाकून बांधणे, दोन स्वारांनी मिळून गोऱ्हा जेरबंद करणे, तीन पिंपांना वळसे घालत घोडा दौडवणे हे सारे वेळेचे प्रकार. कमी सेकंद घेणारा जिंकतो. पिंपांची शर्यत प्रामुख्याने स्त्रिया धावतात आणि पाडलेल्या प्रत्येक पिंपामागे पाच सेकंद वाढतात. दुसरा भाग उधळणाऱ्या जनावरांवरील स्वारीचा : खोगिराविना घोडा, खोगिरासह घोडा आणि वळू. येथे आठ सेकंद टिकायचे आणि तेही एका हाताने. मोकळा हात जनावराला लागला, तर स्वारी बाद. गुण शंभरापैकी मिळतात. त्यांतील निम्मे स्वाराचे आणि निम्मे जनावराचे असतात. म्हणूनच सोशिक जनावर वाट्याला आले तर स्वार हिरमुसतो आणि द्वाड जनावर मिळाले तर सुखावतो. कोणते जनावर कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरते.

मोठ्या मेळाव्यांत स्पर्धकांची संख्या इतकी असते, की मुख्य कार्यक्रमात सर्वांना सामावून घेता येत नाही. उरलेल्यांच्या फेऱ्या सकाळी किंवा रात्री उशिरा होतात. त्यांना ‘स्लॅक’ म्हणतात आणि अनेक ठिकाणी त्यांना तिकीटही नसते. रोषणाई आणि विनोदी निवेदन नसलेल्या या फेऱ्यांत खेळाचे यंत्र उघडे दिसते. जाणकार पर्यटक त्या चुकवत नाहीत.

रोडिओवर प्राणिप्रेमींची टीकाही दीर्घकाळ चालू आहे. वासराला फासाने खेचण्याचा प्रकार आणि उधळण्यासाठी जनावराच्या कुशीभोवती आवळला जाणारा पट्टा यांवर त्यांचा मुख्य रोख असतो. ब्रिटनमध्ये तर 1934 च्या कायद्याने अशा खेळांना जवळजवळ बंदीच घातली. व्यावसायिक संघटनेच्या रोडिओत पशुवैद्य हजर असणे आता बंधनकारक आहे, तरी वाद मिटलेला नाही. पिकेटची दातांनी ओठ धरण्याची रीत आज कोणी करू म्हटले, तर त्याला रिंगणाबाहेर काढले जाईल. काळाने त्याच्या खेळातला क्रूर भाग वगळला आणि कौशल्याचा भाग ठेवला, असे म्हणता येते.

अखेरचा घोडा

पिकेटचा उत्तरार्ध ओढगस्तीचा गेला. जो मिलर 1927 मध्ये आणि त्याचा भाऊ जॉर्ज 1929 मध्ये मरण पावला. त्याच वर्षी पिकेटची पत्नी मॅगीही निवर्तली. महामंदीने 101 रँच डबघाईला आली आणि 1931 मध्ये ती न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेली. मिलर बंधूंपैकी उरलेल्या झॅकच्या मदतीला साठी ओलांडलेला पिकेट तेथेच थांबला. 1932 च्या वसंतात घोडे हाताळत असताना एका घोड्याची लाथ त्याच्या डोक्यावर बसली. काही दिवस बेशुद्धावस्थेत काढून 2 एप्रिल 1932 रोजी त्याने प्राण सोडला. जन्मभर बैलांशी झुंजलेल्या या माणसाला अखेर रोजच्या कामानेच ओढून नेले. विल रॉजर्सने रेडिओवरून त्याच्या निधनाची वार्ता देशाला दिली. ओक्लाहोमातील मार्लंडजवळ त्याचे दफन झाले.

चारच वर्षांनी, 1936 मध्ये, बॉस्टनच्या रोडिओत काउबॉयनी बक्षिसाची रक्कम वाढावी म्हणून संप केला आणि आजच्या व्यावसायिक संघटनेचा पाया घातला गेला. स्पर्धकाचा हक्क हा शब्द रोडिओत रुजला. पण ज्याला स्पर्धक म्हणूनच कधी नीट उभे राहू दिले गेले नाही, तो तोवर मातीआड झाला होता.

उशिरा आलेली ओळख

1971 मध्ये ओक्लाहोमा सिटीतील राष्ट्रीय काउबॉय संग्रहालयाने रोडिओच्या मानकऱ्यांत पिकेटचा समावेश केला. तेथे हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. 1984 मध्ये लू व्हेसन यांनी त्याच्या नावाने कृष्णवर्णीय काउबॉय-काउगर्लचा फिरता रोडिओ सुरू केला. 1989 मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जच्या व्यावसायिक रोडिओ दालनातही तो विराजमान झाला. दरम्यान 1982 मध्ये चार्ल्स सॅम्पसन हा वळूवरील स्वारीचा विश्वविजेता ठरला. व्यावसायिक संघटनेचे विश्वविजेतेपद मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय काउबॉय. पुढे फ्रेड व्हिटफिल्डने आठ विश्वविजेतेपदे पटकावली. जो दरवाजा पिकेटला लोटता आला नाही, तो असा हळूहळू उघडला.

1994 मध्ये अमेरिकी टपाल खात्याने पश्चिमेतील थोर व्यक्तींची तिकिटे काढली. त्यात पिकेटही होता. पण छापलेला चेहरा त्याचा नव्हता. जुन्या छायाचित्राखालील चुकीच्या नावामुळे तिकिटावर त्याचा भाऊ बेन पिकेट आला होता. कुटुंबीयांनी ही गोष्ट लक्षात आणून दिली. खात्याने कोट्यवधी तिकिटे मागे घेतली, दुरुस्त आवृत्ती काढली आणि चुकीच्या तिकिटांचे दीड लाख संच सोडत काढून संग्राहकांना विकले. ज्याचा वर्ण आयुष्यभर लपवला गेला, त्याचा चेहरा मरणोत्तरही इतक्या सहज बदलला जावा, यात दैवाचा क्रूर विनोद दिसतो.

टेक्सासमधील फोर्ट वर्थच्या जुन्या गुरांच्या बाजारपेठेत 1908 साली बांधलेले बंदिस्त रिंगण आजही उभे आहे आणि तेथे वर्षभर सप्ताहाअखेरीस रोडिओ भरतो. त्याच्याजवळच पिकेटचा ब्राँझचा पुतळा आहे : गोऱ्ह्याची मान वळवणारा, अंगाने किरकोळ, हाताने पोलादी. बुलडॉगिंगच्या विश्वविजेत्यांची यादी 1929 पासून सुरू होते. त्या यादीत बिल पिकेटचे नाव कोठेही नाही. यादीतल्या प्रत्येकाने जे केले, ते मात्र त्याने आखून दिलेल्या वाटेवरूनच केले आहे.